पुठ्ठ्यावरचे तीन डाग

९ मार्च २०२५, रविवार

तीन डाग!

काल संध्याकाळी ट्रॅक्टर येवल्याहून आणला, अंगणात उभा केला, आणि सकाळी उठून पाहतो तर खाली तीन डाग. एक रेडिएटरखाली – पाणी. एक इंजिनच्या डाव्या अंगाला – बोट लावून वास घेतला, डिझेल. आणि एक पार मागे, अवजार उचलायच्या लिफ्टखाली, बशीएवढा – तेल. पंधरा वर्षांचं यंत्र आहे, एखादा थेंब टाकणार हे कबूल. पण तीन ठिकाणी?

दाजींनी देताना चकाचक धुऊन दिला होता. टायरला काळं पॉलिशसुद्धा! मी तिथंच ओळखायला हवं होतं. जुना ट्रॅक्टर एवढा कोरडा असतो कुठे? धुतलेल्या यंत्राची गळती त्या दिवशी दिसत नाही, दुसऱ्या दिवशी दिसते.

बाहेरच्या कुणाचा असता तर तासभर चालवून पाहिला असता. खाली झोपलो असतो, एकेक नट पाहिला असता. पण सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याच्या दारात, हातात चहाचा कप घेऊन, ट्रॅक्टरखाली झोपायचं कसं? भावसुद्धा विचारायचा नसतो. त्यांनी सांगितला, मी मान डोलावली. वर आईनं दिलेला टॉवेल-टोपी मीच त्यांना नेऊन दिला. वस्तू घेणारा मी, आणि मान त्यांचा!

संजना दारात उभी होती. "दादा, हळू ने." ती तरी बिचारी दुसरं काय बोलणार.

नाना आज माझ्या आधी उठलेले. मी बाहेर आलो तेव्हा ट्रॅक्टरपाशी उकिडवे बसले होते. काय पाहता, विचारलं. "काही नही." उठून हात धुवायला गेले.

१० मार्च

टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून ट्रॅक्टरखाली सरकवला. प्रत्येक डागाभोवती पेनानं गोल, बाजूला तारीख. निकिता पाहत होती. म्हणे, "मास्तर व्हायचं राहिलं ना, घ्या आता पेपर तपासून."

बायको आहे म्हणून गप्प बसलो. डी.एड. झालो, तीन वेळा भरतीची परीक्षा दिली, नंबर लागला नाही. तो काही माझ्या एकट्याचा दोष नाही. रोज कुणीतरी मिरची लावायलाच पाहिजे का त्याला?

१४ मार्च

धुळवड. गाव रंगात, मी तेलात.

रेडिएटरचा खालचा पाइप बोटानं दाबला तर भेगाळलेला. वरून काळा रंग फासलेला! नवा पाइप घातला, पट्टी आवळली, पाणी थांबलं. एक गेला, दोन राहिले.

दुपारी दाजींचा फोन. "कसा चाललाय, मल्हारीभाऊ?" म्हटलं, एकदम मस्त. दुसरं काय म्हणणार? ज्या घरी बहीण दिली त्या घराशी तोंड वर करून बोलायचं नाही, हे लहानपणापासून ऐकत आलोय. फोन ठेवला आणि मग मात्र जे तोंडाला आलं ते बोललो. येवल्यापासून सुरू केलं, दाजींच्या बापापर्यंत गेलो. आई म्हणाली, अरे हळू, भिंतीपलीकडे माणसं राहतात.

नाना ओट्यावर होते. "तेल शे ते, रगत नही शे. सोडी दे."

सोडून द्या! बापानं जन्मभर सोडूनच दिलं. बांध सोडला, विहिरीची पाळी सोडली. म्हणून सगळे आमच्याशी असं वागतात.

१९ मार्च

डिझेलचा डाग. नळीच्या जोडात तांब्याचा वायसर असतो, तो दबून दबून कडक झाला होता. नवा मिळेना. दत्तू मिस्त्रीनं फोनवर युक्ती सांगितली – वायसर लाल होईपर्यंत तापव, पाण्यात टाक, मऊ होतो. निकिताच्या गॅसवर, तिच्याच सांडशीत धरून तापवला. तिनं जो तमाशा केला तो इथं लिहीत नाही. पण थेंब बंद झाला!

तांबं तापून मऊ पडतं. माणूस तापला की उलटं होतं.

२३ मार्च

लिफ्टच्या तेलासाठी नामपूरला आज तिसरी फेरी. पाइपाच्या तोंडाशी रबराची रिंग असते, एवढीशी. दुकानदार म्हणतो नमुना आणा. नमुना नेला तर म्हणतो असली आता येत नाही. मग दिली ती जाड निघाली, बसवताना कापली गेली. पुन्हा अंगभर तेल. शर्ट गेला. लग्नातला होता, म्हणून निकिता रडली. मी काय मुद्दाम तो घातला होता? हाताला लागला तो घातला.

कांदा काढणीला आलाय आणि मी रबराच्या मागे फिरतोय.

२४ मार्च

रिंग बसली. देव पावला.

३० मार्च, पाडवा

पुठ्ठा कोरडा!!

नवा पुठ्ठा घातला होता मुद्दाम. सकाळी बाहेर ओढला – कोरा. रेडिएटर नाही, डिझेल नाही, लिफ्ट नाही. घरी गुढी उभारली पण मला खरा पाडवा तिथं दिसला. ट्रॅक्टरला हार घातला, नारळ फोडला. कुठल्याही मिस्त्रीला एक दिवस न बोलावता, स्वतःच्या हातानं केलं मी हे. मास्तर झालो नाही ते बरंच झालं.

नानांना ओढत आणून पुठ्ठा दाखवला. एक थेंब नाही, म्हटलं. ते पुठ्ठ्याकडे पाहायच्या ऐवजी ट्रॅक्टरच्या पोटाकडे पाहत राहिले. शाबास म्हणायला या माणसाला काय होतं कुणास ठाऊक.

३१ मार्च

आजही कोरडा.

४ एप्रिल

काहीतरी बिघडलंय. रोटाव्हेटर मारताना इंजिन बोंबलतं पण ट्रॅक्टर ओढत नाही. गिअर पडताना कुरकुर. आणि जळका वास – करपलेल्या दुधासारखा. क्लचचा पायडल आवळून पाहिला. दोन तास ठीक, मग पुन्हा तेच.

निकिता म्हणते दत्तूला दाखवा. दाखवतो. आधी कांदा तरी बाजारात जाऊ दे.

८ एप्रिल

अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

ट्रॉली भरून नामपूरला निघालो. निकिता मडगार्डवर बसलेली, तिला मार्केटनंतर दवाखान्यात आईची औषधं घ्यायची होती. नदीवरचा फरशी पूल ओलांडला, पुढचा चढ लागला. अर्ध्या चढावर इंजिन एकदम मोकळं सुटल्यासारखं ओरडायला लागलं आणि ट्रॅक्टर जागच्या जागी. मग मागे! भरलेली ट्रॉली मागे खेचत होती. ब्रेक दाबला तर ट्रॉली आडवी फिरली, चाक गटारीत गेलं, कलंडली. निकिता माझ्या बाजूला होती आणि पुढच्या क्षणी नव्हती.

सापडली ती रस्त्याच्या कडेला, कांद्यांमध्ये. मनगट मोडलंय. सटाण्याला नेलं, प्लास्टर घातलं. दोन हात इकडे पडली असती तर ट्रॉलीखाली होती. डॉक्टर म्हणाले नशीब. ती एवढंच म्हणाली, "मी म्हटलं होतं दाखवा म्हणून." ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

१० एप्रिल

आता कळलं. सगळं कळलं!

दत्तू मिस्त्रीनं ट्रॅक्टर मधोमध फोडला. पुढचा भाग जॅकवर, मागचा लाकडी ओंडक्यावर. दोन भाग वेगळे झाले तसं आतून तेल वाहायला लागलं. अर्धी बादली! क्लचची प्लेट तेलात भिजून पापडासारखी चकचकीत. ती कोरडी असेल तरच धरते, ओली झाली की घसरते – चढावर घसरली ती अशी.

मग दत्तूनं मला खाली बोलावलं. ट्रॅक्टरच्या पोटाला, क्लचच्या घराखाली, करंगळीएवढं भोक असतं. कंपनीच ठेवते, चिखलानं बुजू नये म्हणून आत एक लोंबती पिनही घालते. आतलं सील गेलं तर तेल त्या भोकातून खाली पडावं आणि माणसाला कळावं, म्हणून. ते भोक कुणीतरी लांबीनं बुजवलेलं होतं! टाकी चिकटवायची ती मळायची लांबी. वरून माती फासलेली.

दत्तू म्हणाला, "ज्यानी हाई बुजं, त्यानी गाडीना गळा दाबा."

ज्यानी म्हणजे कोणी, हे काय शोधायचं होतं? पाइपाला रंग, टायरला पॉलिश, भोकाला लांबी. एकच हात.

तिथंच, दत्तूच्या गॅरेजमध्ये, पाच-सहा माणसांसमोर दाजींना फोन लावला. म्हटलं, विकायचं म्हणून भोक बुजवलं तुम्ही? माझी बायको मेली असती. ते म्हणाले, "कसलं भोक? मला नाय म्हाईत, मल्हारीभाऊ, शप्पथ." शपथ घेतात! मग मात्र माझा तोल गेला. म्हटलं, तुमच्या घरचं पाणीसुद्धा मला चालायचं नाही यापुढे. आखाजीला मी संजनाला न्यायला मुऱ्हाळी येणार नाही. ठेवा तिला तिथंच, तुमच्या पॉलिश मारलेल्या घरात.

त्यांचा फोन स्पीकरवर असावा. मागून संजनाचा आवाज आला, "दादा –"

मी कापला.

११ एप्रिल

बरोबर बोललो. शंभर टक्के बरोबर बोललो.

१३ एप्रिल

आई जेवत नाही. आखाजी सतरा दिवसांवर. लेक माहेरी आणायची, भावानं स्वतः जाऊन आणायची, झोका बांधायचा, चार दिवस तिनं हातपाय पसरून राहायचं – इकडे दिवाळीपेक्षा मोठं ते. संजनाच्या लग्नाला नऊ वर्षं झाली, एकही आखाजी चुकली नाही. कोरोनात सगळं बंद होतं तेव्हासुद्धा मी पास काढून, तोंडाला फडकं बांधून, मोटारसायकलवर तिला आणली होती. हे कुणी आठवत नाही. सगळे फक्त माझं तोंड पाहतात.

आई म्हणते, नुसती आणून सोड, दाजींशी बोलू नको. म्हटलं, मग त्यांचं खरं ठरेल. निकिताच्या हाताकडे बघ आणि मग मला सांग.

नाना त्या वेळी दारात उभे होते. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग पायरीवरची चप्पल सरळ केली आणि गेले. नेहमीचंच. घरात आग लागली तरी हा माणूस चपला सरळ करील.

१६ एप्रिल

संजनानं निकिताला फोन केला. मला नाही! निकितानं नंतर सांगितलं. सासू संजनाला रोज ऐकवते – तुझ्या भावानं आम्हाला चोर ठरवलं, अन् तू त्याच्या दारात झोका खेळायला जाणार काय? दाजी म्हणे नुसते जेवतात आणि शेतात जातात. तिनं विचारलं, दादा खरंच येणार नाही? निकिता म्हणाली, मी काय सांगू.

संजना म्हणाली, "मग मीच येत नाही आता. कधीच."

ऐकून जेवण गेलं नाही. पण करू काय? मी का माघार घ्यायची? फसवलं कुणी?

२१ एप्रिल

एसटीच्या पार्सलनं येवल्याहून खोकं आलं. आत नवीकोरी क्लच प्लेट, सील, आणि एक ओळ नाही.

हे काय झालं मग? कबुलीच झाली ना! निर्दोष माणूस प्लेट पाठवतो का? आईला दाखवलं, निकिताला दाखवलं. म्हटलं, आता बोला. निकिता म्हणाली, "बायकोचं माहेर तुटू नये म्हणूनही पाठवतो माणूस." हिला त्यांचा फारच पुळका. हात मोडला तरी पुळका.

नानांनी खोकं उघडून प्लेट हातात घेतली. बराच वेळ फिरवून फिरवून पाहिली. डोळे पाणावले होते. वय झालंय.

२५ एप्रिल

दत्तूनं प्लेट बसवली, सील बदललं. भोक मोकळं करून दिलं. ट्रॅक्टर चढावर नेऊन पाहिला – ओढतो. आनंद वगैरे काही झाला नाही.

शेजारच्या अक्काबाई विचारून गेल्या, लेक कधी येते? आई म्हणाली, बघू. तिनं सांजोऱ्यांचा रवा काढून ठेवलाय आणि डब्याचं झाकण लावत नाही.

२९ एप्रिल

काय लिहू.

दुपारी मळ्यात पाणी धरत होतो. नाना चालत आले, एवढ्या उन्हात, डोक्यावर नुसता पंचा. बांधावर बसले. मी म्हटलं, काय झालं? ते खाली पाहत म्हणाले, "मल्हारी, ते भोक मी बुजेल शे."

मला आधी कळलंच नाही. कुठलं भोक, विचारलं.

त्यांनीच बुजवलं. ट्रॅक्टर आला त्याच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे. ते उठले तेव्हा खाली तीन नव्हे, चार डाग होते. चौथा पोटाखालचा. वर पाहिलं तर बारीक भोक, त्यात एक खिळा लोंबतोय. म्हणजे दत्तू म्हणाला ती पिन. त्यांना वाटलं गाडी तिथं फुटलीय. पाण्याच्या टाकीची लांबी उरली होती, ती मळून लावली, वर माती लावली, खालचा डाग राखेनं पुसला. मी उठलो तेव्हा ते हात धुवायला गेले होते ते त्यासाठी.

का, नाना? का?

"तीन डाग देखात ते तू इतला बोलना. चौथा देखता ते पोरनं काय व्हतं?"

मी पाहीन, मी भडकेन, येवल्याला जाऊन काहीबाही बोलेन आणि संजनाला तिथं राहणं कठीण होईल – हे माझ्या बापानं पहाटे पाच वाजता ओळखलं होतं. नेमकं तेच झालं. त्यांनी ते टाळायला जे केलं, त्यानंच झालं. निकिताचा हात, ती ट्रॉली, फोन, सगळं त्या चिमूटभर लांबीतून.

मी विचारलं, एवढे दिवस बोलला का नाहीत? दत्तूनं खोललं त्या दिवशी का नाही? म्हणाले, दोनदा आलो होतो सांगायला. "तुना हातमा पान्हा व्हता."

माझा बाप मला घाबरतो. सत्तरीचा माणूस, स्वतःच्या पोराला घाबरतो! मी त्याला भित्रा म्हणत होतो, आणि तो भीत होता ते मला. असं काही कळण्यापेक्षा ट्रॉली माझ्या अंगावर पडली असती तर चाललं असतं. मला लाज वाटतेय, एवढी की घरी येताना मी मागच्या वाटेनं आलो.

आणि दाजी. ते खरं बोलत होते. शप्पथ म्हणाले तेव्हा खरं बोलत होते. मी त्यांना चोर म्हटलं आणि त्यांनी प्लेट पाठवली.

ठरलं. उद्या सकाळी येवल्याला जातो. दाजींचे पाय धरायचे. त्यांच्या आईसमोर, वाडीवस्तीसमोर सांगायचं – चूक आमच्या घरातली, तोंड माझं. फोनवर जेवढ्या मोठ्यानं बोललो तेवढ्याच मोठ्यानं सांगायचं. मग संजनाला घेऊन यायचं. नानांना म्हटलं, तुम्ही काळजी करू नका. त्यांनी माझ्या हाताला हात लावला. किती वर्षांनी.

३० एप्रिल, आखाजी

निघायच्या आत दारात जीप. दाजी स्वतः संजनाला घेऊन आले, न बोलावता. चपला बाहेर काढल्या आणि आई, नाना, अक्काबाई, भाऊबंद सगळ्यांसमोर माझ्यापुढे हात जोडले. "मल्हारीभाऊ, आमच्या ड्रायव्हरनं बुजवलं आसंल, मला नाय म्हाईत. पण इकला मी, तर चूक माझीच. वहिनी, माफ करा." संजना रडत होती. सगळं अंगण माझ्याकडे पाहत होतं. नाना पुढे झाले, बोलायला. मी त्यांच्या आधी बोललो.

"जाऊ द्या, दाजी. झालं गेलं. आम्ही मनात ठेवत नाही."